बादलीमागचा साप

ती. आईस,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? मी ठणठणीत आहे. इथे रानातल्या मुक्कामात बूट झटकल्याशिवाय मी पाय घालत नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

आज सकाळी न्हाणीघरात बादलीमागे साप दिसला. काळा, अंगावर पांढरे पट्टे. आमचे आचारीकाका म्हणाले, "अहो ताई, हा तर कवड्या. बिनविषारी! धरतो नि टाकतो बाहेर."

मलाही कवड्याच वाटला. पण जहाल विषारी मण्यारही असाच दिसतो, आणि आम्हाला दिसत होता तो नुसता मधला भाग. मी दार ओढून घेतलं. "काका, हात लावायचा नाही."

"शिकलेली माणसं फार भित्री बुवा!"

सर्पमित्र येईपर्यंत सगळ्यांच्या आंघोळी खोळंबल्या. त्यांनी आकडीने साप बाहेर घेतला. पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट, म्हणजे कवड्याच! जेवताना काकांनी माझी यथेच्छ टर उडवली. मी उगाच हटून बसले का, हे दुपारभर मनात घोळत राहिलं.

संध्याकाळी पाहिलं, तर चुलीसाठी लाकूड उचलण्याआधी काका ढीग काठीने हलवून बघत होते. 

तुझी,
धाकटी