दोन काठांवरून

१९ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग, नाहीतर ती म्हणेल नणंदेने आपल्याला गाळलं. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझा गुडघा कुरकुरतो, पण ते दुखणं जुनंच आहे, त्याचं खापर साथीवर फोडत नाही.

लॅब अजून अर्धीच चालू आहे. कवळ्यांची मागणी बसलीय. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, दात दाखवायचे कुणाला? सकाळी जाते, मेणात दात बसवते आणि दुपारी घरी येते. हे गेल्यापासून यांच्या खुर्चीवर कपडे वाळत घालते. जेवताना टीव्ही लावते, म्हणजे घरात कुणीतरी बोलत राहतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारी, आम्ही जिला रेडिओ म्हणतो ती, तुला माहीत आहे. तुझ्या मुलीच्या लग्नात जिने व्याह्यांनाही बोलू दिलं नव्हतं, तीच. ती राहते नदीपलीकडे. तिथून दुसरा जिल्हा सुरू होतो, म्हणून पुलावर अडथळे लागले आणि पासशिवाय कुणाला सोडेनात. तिचं कामही सुटलं.

मग आम्ही एक शक्कल काढली. संध्याकाळी ती तिच्या काठाने चालायची, मी माझ्या, फोन कानाला लावून. बंधाऱ्यापाशी पात्र अरुंद होतं, तिथे फोन ठेवून ओरडून बोलायचो. बंदोबस्तावरचा पोलीस एकदा म्हणाला, "काकू, भांडायचं असेल तर घरी जाऊन भांडा!" दादा, त्या तासाभरासाठी मी बाकीचा दिवस काढत होते.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "पूल उघडला की मी लेकाकडे चालले. कायमची. एकटीनं राहायची हौस फिटली बाई."

मी म्हणाले, "बरं केलंस."

सगळं गाव पूल उघडायची वाट बघत होतं, आणि मी बातम्या लावून रुग्ण वाढलेत का ते बघायचे. नावं ठेव मला हवं तर.

काल पूल उघडला. ती चालत माझ्या काठावर आली. कितीतरी महिन्यांनी आम्ही शेजारी शेजारी चाललो आणि काय सांगू, तोंडातून शब्द फुटेना. मी मुकी आणि माझ्यामुळे तीही. शेवटी म्हणाली, "थांब तू इथेच," आणि तरातरा पुढच्या बाकापर्यंत गेली. तिथून फोन केला.

"हं, आता बोल."

"जाऊ नकोस गं," मी म्हणाले.

मला तिची फक्त पाठ दिसत होती. मग म्हणाली, "हे आधी का नाही बोललीस? सामान आज सकाळीच टेम्पोनं गेलं गं पुढे."

आज सकाळी ती गेली. बस सुटेपर्यंत मी हसत उभी होते. घरी येऊन खूप रडले.

तू दर रविवारी फोनवर विचारतोस, "काही हवंय का?" आणि मी औषधांची नावं सांगते. औषधं इथेही मिळतात, दादा. मला माणूस हवंय. तू ये. वहिनीला जमत नसेल तर एकटा ये, काम असेल तर काम घेऊन ये. रस्ते पुन्हा कधी बंद होतील सांगता येत नाही, म्हणून या वेळी मी आधीच बोलतेय.

दाराकडे डोळे लावून,
तुझी धाकटी