कोरडी ठेवावी

रविवार, १ मार्च १९८७. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

गॅरेजची लांबी तिसऱ्यांदा टेपने मोजली. तिन्ही वेळा १७ फूट ४ इंच. होडी १६ फूट २ इंच. म्हणजे १४ इंच शिल्लक. काळजीचे कारण नाही.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. ही होडी आमच्या रबाळ्याच्या कंपनीतल्या जर्मन साहेबाची. तो मायदेशी गेला तेव्हा भंगाराच्या लिलावात निघाली. तिला कयाक म्हणतात, उच्चार साहेबाच्या ड्रायव्हरकडून पक्का करून घेतला. पातळ फळ्या जोडून केलेली आहे, वरून बंद, बसायला दोन भोके. मी आणि सुभाषने मिळून ३०० रुपयांना घेतली. अर्धे अर्धे. माझ्याजवळ होते म्हणून सगळे मी भरले. सुभाषचे १५० येणे.

सुभाष दोन वर्षे स्टोअरमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर होता. गेल्या महिन्यात उरणला गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. ठरले असे की होडी मी सांभाळायची, रविवारी त्याने यायचे आणि दोघांनी दिवाळे गावच्या खाडीतून उरणपर्यंत जायचे. हे गॅरेजही त्यानेच सुचवले. त्याची बहीण इथेच दिवाळ्यात, मागच्या गल्लीत दिली आहे.

गॅरेजच्या मालकीण चांगुणाबाई. मुलगा गाडी घेणार म्हणून बांधले. मुलाने गाडी घेतली आणि ठाण्याला राहायला गेला, गाडीसह. भाडे ९० रुपये. होडीच्या शेजारी माझी खाट आणि स्टोव्ह बसतो. आता वेगळी खोली घ्यायची गरज नाही. हा फायदा सुभाषला सांगायचा आहे.

रविवार, ८ मार्च.

सुभाष आला नाही. नवी नोकरी. पहिल्या महिन्यात कोणीच येऊ शकत नाही.

नियम केले:
१. होडी कायम कोरडी ठेवावी.
२. दर पंधरा दिवसांनी पॉलिश.
३. आत सामान ठेवू नये.
४. एकट्याने पाण्यात नेऊ नये.

स्टोअरमधून छत्रीच्या चित्राचे, म्हणजे 'माल कोरडा ठेवा'चे, एक लेबल आणले (खराब झालेले होते, चोरी नव्हे) आणि होडीच्या नाकावर चिकटवले. सहा वर्षे मी माल सांभाळतो. छत्रीचे लेबल असलेली एकही पेटी माझ्या हातून ओली झालेली नाही. सातवी पास, आठवी अर्धी; पण स्टॉकच्या कार्डावर माझी एक वेलांटी चुकलेली कोणी दाखवावी.

रविवार, १५ मार्च.

आला नाही. पोस्टकार्ड टाकले.

प्रॅक्टिस सुरू. होडी दोन विटांच्या थरांवर ठेवली आहे, तिच्यात मागच्या भोकात बसून वल्हवायचे. उजवीकडे भिंत लागते, म्हणून फक्त डावीकडून. होडीचे तोंड एकट्याने फिरत नाही, दुसरी बाजू सुभाष आल्यावर. शंभर वेळा वल्हे मारले की पाव मैल धरायचा. रोज दीड मैल. उरण नऊ मैल धरले आहे.

चांगुणाबाई दारात कोलंबी सोलत बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "कुठवर पोचलास रं? उरन दिसतंय का?"

मी म्हटले, मावशी, ही प्रॅक्टिस आहे. त्या म्हणाल्या, "असंल. माझं घर तेवढं म्होरं ढकलू नको."

रविवार, २९ मार्च.

दोन उशा घेतल्या, भोकात बसताना टोचते म्हणून. दोन टोप्याही. सुभाषचे डोके मोठे आहे, त्याची एक नंबर मोठी.

आला नाही. मार्चअखेर. गोदामात मोजणी असणार. मला कळते, मी त्याच कामातला आहे.

मंगळवार, १४ एप्रिल.

जयंतीची सुट्टी. तुर्भ्याहून शिवराम बोलवायला आला होता. आमच्या परभणीकडचा. म्हणाला, "चल ना, वस्तीत सगळे आपलेच लोक आहेत. मिरवणूक आहे, जेवण आहे. माझी आई विचारते, तो पोरगा जेवतो कुठं."

जाणारच होतो. निळा सदरा इस्त्री करून ठेवला होता. पण सुट्टीचा दिवस, सुभाष हमखास येणार, आणि दाराला कुलूप बघून परत गेला तर बरे दिसणार नाही. शिवरामला सांगितले, पुढच्या वर्षी. तो होडीकडे बघत म्हणाला, "तुला पोहता येतं?" मी म्हटले, सुभाषला येते.

सायंकाळी सातपर्यंत सदरा घालून बसलो. नंतर काढला.

रविवार, ३ मे.

गॅरेजला पत्रा आहे, दुपारी आत उभे राहवत नाही. होडीला पॉलिशचा दुसरा डबा. आरशासारखी दिसते.

चांगुणाबाईंनी आज भांडण काढले. "मारोती, त्या नावला पानी मार रं. लाकूड हाय ते. उनात सुकलं का उकलतं. आमी नाव वर वढली तरी पाण्यात घालायच्या आधी चार रोज आत पानी भरून ठेवतो. फळ्या फुगतात, फटी मिटतात."

मी नम्रपणे छत्रीचे लेबल दाखवले.

"हे कोनी लावलं?"

म्हटले, मीच.

"मंग बोलनंच खुंटलं."

त्या अनुभवी आहेत. नवरा गेला तोपर्यंत त्यांच्या दोन नावा होत्या. पण त्यांच्या नावा देशी. ही जर्मन.

रविवार, १७ मे.

सहा कार्डांनंतर सुभाषचे उत्तर आले. मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतो: "कामात आहे. पावसानंतर बघू. सुभाष."

पावसानंतर. म्हणजे त्याने विचार केलेला आहे. मे-जूनमध्ये खाडीत जाणे धोक्याचेच होते, मलाच सुचायला हवे होते.

चांगुणाबाईंना विचारले, तुमच्यात पाऊस संपला असे कधी धरतात. त्या म्हणाल्या, नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की नावा बाहेर पडतात. कॅलेंडर पाहिले. नारळी पौर्णिमा ९ ऑगस्ट, आणि वार रविवार. त्यातही राखी. बहीण याच गावात, म्हणजे तो येणारच. इतके जुळून आल्यावर शंका घेणे बरोबर नाही.

कार्ड टाकले: "९ ऑगस्ट पक्के. भरती दुपारी साडेबाराला. टोपी आणू नकोस, घेतलेली आहे."

रविवार, ३१ मे.

दुपारी होडीतून टक् असा आवाज आला. नंतर परत एकदा. उंदीर असावेत.

शुक्रवार, १२ जून.

नियम तीन तात्पुरता शिथिल. चांगुणाबाईंचे सुके बोंबील घरात दमट होऊ लागले. त्यांनी न विचारता पुढच्या भोकात तीन पोती उभी केली. म्हणाल्या, "एवढी कोरडी जागा आख्ख्या गावात नाय." हे एक प्रकारे प्रशस्तिपत्रकच.

पुढची जागा सुभाषची आहे हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तो आला का उचलते. बोंबलाला काय, तो कुठंबी बसतो."

रविवार, ५ जुलै.

पाच दिवस ताप होता, प्रॅक्टिस बुडाली. या पाच दिवसांत चांगुणाबाईंनी पेज आणून दिली. कपड्यांना बोंबलाचा वास येतो असे कंपनीत म्हणतात. जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलाशेजारी कोणी बसत नाही. तसे सुभाष गेल्यापासूनही बसत नव्हते, त्यामुळे वासाचा संबंध सिद्ध होत नाही.

ट्रकची जुनी ट्यूब आणली, पोहण्याच्या सोयीसाठी.

रविवार, २६ जुलै.

एकूण १९३ मैल आणि वर अर्धा.

आज सहज चांगुणाबाईंना म्हटले, चौदा दिवसांनी सुभाष येईल, पोती हलवावी लागतील. त्यांनी विळीवरचा हात थांबवला. म्हणाल्या, "कोन सुभाष? घनसोलीचा? मागल्या गल्लीतल्या पुतळाचा भाऊ?"

म्हटले, तोच.

"तो तं दर आयतवारी येतो की भयनीकडं. जेवतो, झोपतो, चार वाजता चहा पिऊन जातो. आताच गेला."

मी विचारले, दर रविवारी म्हणजे नेमके कधीपासून. त्या म्हणाल्या, "नोकरी लागल्यापून. मला वाटलं तुला ठावं हाय."

नंतर शांतपणे विचार केला. आमची गल्ली कच्ची आहे, चिखल होतो. मागची सिमेंटची. सुभाषजवळ स्कूटर आहे, तो मागूनच येणार. शिवाय जेवल्यावर झोप येते. आणि ठरलेल्या दिवसाआधी भेटून उपयोग काय, होडी तर तोवर निघणार नाही.

फक्त मार्चमध्ये चिखल नव्हता. त्याचा विचार नंतर करीन.

शनिवार, ८ ऑगस्ट.

२१३ मैल पूर्ण. हिशेबाने मी उरणला अकरा वेळा जाऊन आलो असून बाराव्यांदा परतीच्या वाटेवर आहे.

पोती काढली. पुढच्या भोकात उशी आणि टोपी ठेवली. चांगुणाबाई म्हणाल्या, अजून चार रोज थांब, पानी भरून ठेवू, मंग ने. म्हटले, उद्याचे ठरले आहे. त्या म्हणाल्या, "कोनाचं?"

सोमवार, १० ऑगस्ट. सकाळी ६.

काल लिहिले नाही. वही ओली होती. क्रमाने लिहितो.

अकरा वाजता चांगुणाबाईंचा पुतण्या नामा तिघांना घेऊन आला. होडी खांद्यावर घेतली. धक्क्यावर बँड, सोनेरी कागदाचा नारळ, बायका नव्या लुगड्यांत. सगळ्यांनी होडीला वाट दिली. एक म्हातारे म्हणाले, "काकडीसारखी हाय." नामाने तिला हळद-कुंकू लावले. नारळ मी घेतलेला होता, तो वाहिला.

सुभाष धक्क्यावरच होता. हाताला राखी, बरोबर बायको आणि बहीण. लग्न झाल्याचे मला माहीत नव्हते. मी हाक मारली. त्याने ओळखले. बायकोला म्हणाला, "हे आमच्या जुन्या कंपनीतले. स्टोअरला होते." तिने विचारले, "ते पोस्टकार्डवाले का?" तिने चांगल्या मनाने विचारले.

मग त्याने होडी पाहिली. म्हणाला, "अजून ठेवलीस? मला वाटलं विकून टाकली असशील." मी म्हटले, साडेबाराची भरती आहे. तो बुटांकडे बघून हसला. "आज नको रे, बायको आहे बरोबर." मी म्हटले, पुढच्या रविवारी चालेल. तेव्हा त्याला काहीतरी आठवले, पाकीट काढले. "अरे, तुझे दीडशे राहिलेत ना. धर." मी नको म्हणालो. तीन वेळा म्हणालो. त्याने माझ्या खिशात घातले. म्हणाला, "घे रे, उगाच डोक्यावर कशाला. आता मिटलं." आणि बहिणीला गर्दीतून वाट करून देत निघून गेला.

नियम चार मोडला. मागे बसलो. पुढे उशी, टोपी.

बँड वाजत होता. नामाने ढकलले. मी डावीकडून वल्हे मारले, नंतर आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडून. होडी सरळ गेली. हे लिहून ठेवतो, कारण कोणी लक्ष दिले नसेल: ती सरळ गेली.

मग पाणी आले. एका ठिकाणाहून नव्हे, प्रत्येक फटीतून, बारीक, एकाच वेळी. कमरेपर्यंत आले तेव्हा होडी बसली. मीही. पाणी छातीइतके होते. ट्यूब गॅरेजमध्ये राहिली होती. गेलेले अंतर नामाने नंतर वल्ह्याने मोजून सांगितले, सोळा फूट. होडीच्याच लांबीइतके.

चांगुणाबाई नव्या लुगड्यासकट पाण्यात आल्या आणि मला कॉलरला धरून उभे केले. लोक हसत होते, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घरात कोंडून कोरडी ठेवलीस आनं येकदम दर्यात घातलीस. ती तरी काय करंल?" नंतर म्हणाल्या, "चल. भात झाकून आलेय."

होडी आता अंगणात आहे, पाण्याने काठोकाठ भरलेली. त्या म्हणतात आठ दिवस पिऊ दे, मग बघू. छत्रीचे लेबल सुटून वर तरंगत होते, ते काढले. टोपी खाडीत गेली. सुभाषची.

खर्च, १ मार्चपासून:
होडी ३००.००
टेम्पो, रबाळे ते दिवाळे ६०.००
भाडे, मार्च ते जुलै ४५०.००
पॉलिश, तीन डबे ६६.००
उशा, दोन २८.००
टोप्या, दोन २४.००
पोस्टकार्डे, नऊ १.३५
ट्यूब ३५.००
नारळ ४.००
एकूण ९६८.३५
सुभाषकडून जमा १५०.००
निव्वळ ८१८.३५

येणे: कोणाकडूनही नाही.

देणे: चांगुणाबाई, ऑगस्टचे भाडे ९०.००. आज द्यायला गेलो होतो. पुढच्या आयतवारी जेवायला येशील तेव्हा दे म्हणाल्या. पैसे खिशात होते, तसेच परत आणले. एवढे एक देणे राहू द्यावे.