सायराचा शनिवारचा वर्ग

प्रिय बेगिमाय,

फोनवरचं माझं बोलणं तुला ठाऊकच आहे. जेवलीस का, थंडी आहे का, बरं ठेवतो. म्हणून आज लिहायला बसलोय. तुझी आई लसी टोचायला वरच्या आळीत गेलीय. इकडे बर्फ अजून कुंपणाइतका आहे, पण दुपारी पत्र्यावरून पाणी गळायला लागलंय. तपकिरी गाय व्यायली. पाडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका. आई म्हणते नाव बेगिमायलाच विचारा.

आईचा शनिवारचा वर्ग तू डोळ्यांनी कधी पाहिला नाहीस. तू लग्न होऊन गेलीस त्याच हिवाळ्यात तो सुरू झाला. आई नारिन शहरात शिबिर करून आली आणि म्हणाली, "शेरगाझी, गावातल्या नवरा-बायकोंना बोलायला शिकवायचंय." मी म्हटलं, "बोलतात की! पार नदीपलीकडे ऐकू येतं." तर म्हणाली, "ते भांडण. मी बोलण्याचं म्हणतेय." शाळेच्या जेवणघराची किल्ली मिळवली, घरोघर जाऊन आमंत्रणं केली. पहिल्या शनिवारी तीन जोडपी आली. पुरुषांनी टोप्यासुद्धा काढल्या नाहीत, तिघेही दाराला खेटून बसले, पळायला सोपं म्हणून. माझ्याकडे कोळसा आणि चहा. एकजण म्हणाला, "शेरगाझीदादा, वहिनी शिकवणार आणि तुम्ही चहा ओतणार?" मी म्हटलं, "ओतणार. पियाला पुढे कर." त्याने केला.

तिची रीत साधी आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मनातलं सांगायचं, दुसऱ्याने आधी ऐकलेलं तसंच्या तसं म्हणून दाखवायचं, मग उत्तर द्यायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो ना? खालच्या आळीतला एर्मेक आणि त्याची झिबेक बसली होती. झिबेक म्हणाली, "तुमचे पाहुणे उठेपर्यंत मी उभी असते. पाय भरून येतात, आणि तुम्ही माझ्याकडे बघतही नाही." आईने एर्मेकला विचारलं, "काय म्हणाली?" तो डोकं खाजवत म्हणाला, "पाहुणे फार येतात म्हणाली." सगळं जेवणघर हसलं. झिबेकसुद्धा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आई कुणाला रागावत नाही. नुसतं म्हणते, "परत सांग गं. तू परत ऐक रे." एकदा माणसं कमी पडली म्हणून तिने मलाच समोर बसवलं. सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्ही ट्रक घेऊन घाटात जायचात तेव्हा मी भाकरीचं पीठ दोनदोनदा मळत बसायचे. हाताला काम हवं म्हणून." इतकी वर्षं संसार केला, पण हे मला माहीत नव्हतं, पोरी. मी ते म्हणून दाखवायला गेलो आणि मध्येच उठून चुलीत कोळसा घालत बसलो.

हळूहळू बाकं भरली. आणि मग पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, पहिला बर्फ पडला तेव्हा, तू नवऱ्याचं, कुबातचं घर सोडलंस.

तुला वाटतं, आम्ही इथे काय काय सोसलं ते तुझ्यापासून लपवतो. लपवत नाही, लोक बोलले. दुकानात बोलले, विहिरीवर बोलले. बाकं पुन्हा रिकामी झाली, एर्मेक-झिबेक आणि दोनचार जोडपी तेवढी उरली. आई तरी दर शनिवारी फळा पुसून उभी राहायची. मग गेल्या महिन्यात एर्मेकची आई तोक्तोकान वर्गात आली. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "सायरा, आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं चाललंय तुझं. स्वतःच्या लेकीचा संसार मोडला, आमच्या सुनांना काय शिकवणार गं तू?"

मी चुलीपाशी होतो. पुढे जाणार होतो, पण आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी जागीच थांबलो.

तिने खडू ठेवला. म्हणाली, "तोक्तोकानताई, तुम्ही म्हणालात, माझ्या लेकीचा संसार मोडला, मग मी काय शिकवणार. बरोबर ऐकलं ना मी?" तोक्तोकान गडबडली. म्हणाली, "हो." मग आई म्हणाली, "आता माझं ऐका. माझी बेगिमाय बोलत राहिली. समोर ऐकणारं कुणी नव्हतं. मग त्याने हात उचलला. दुसऱ्यांदा उचलायच्या आत ती बाहेर पडली. अंगावरच्या कपड्यांनिशी, बर्फातून, एकटी. मला तिची लाज नाही वाटत. मला वाटतं माझ्यात ती हिंमत असती का! ती तिथेच राहून कफनात घरी आली असती, तर तुम्ही सगळ्या आला असता आणि म्हणाला असता, किती सोशिक पोर. मी इथे माणसं टिकवायला शिकवते. त्यात संसार टिकला तर सोन्याहून पिवळं."

मग एर्मेक उठला. आईला म्हणाला, "ताई, आमची पाळी राहिलीय." झिबेकसमोर जाऊन बसला आणि स्वतःच्या आईदेखत म्हणाला, "तुझे पाय भरून येतात आणि मी बघत नाही, असं तू म्हणाली होतीस. मी ऐकलंय." तोक्तोकान निघून गेली. पण पुढच्या शनिवारी बूड टेकायला उशी घेऊन हजर! दारातूनच म्हणाली, "सासवांना बसू देतात का इथे, की हाकलतात?" आई म्हणाली, "या, पुढे बसा. तुम्हाला नीट ऐकू यायला हवं." आता बाकं पुरत नाहीत. मी घरून दोन स्टुलं नेतो.

आईने यातलं अक्षरही तुला सांगितलेलं नाही. साऱ्या गावाला बोलायला शिकवते, पण तुझा फोन आला की तिचंही 'जेवलीस का'वरच अडतं. परवा तू मला म्हणालीस, "बाबा, मी नोरुझच्या सणाला येत नाही. माझं तोंड दिसलं की लोक आईच्या वर्गाला यायचे थांबतील." मी म्हटलं बरं, आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं की ते बरं नव्हतं. त्याचं उत्तर म्हणून हे सगळं लिहिलं. ये. शनिवारचीच गाडी पकड. नदीकडच्या आडवाटेने लपतछपत घरी येऊ नकोस, शाळेसमोर उतर, वर्ग सुटायच्या वेळेला. गाव बाहेर पडत असेल, आणि मी फाटकाशी उभा असेन.

तुझाच,
बाबा