समुद्राकाठून आलेला फोन

बुधवार, दिवेलागण

आज यांनी बाळीला पहिल्यांदा पाहिलं. मेंढरं घेऊन कोकणात उतरले तेव्हा ती पोटात होती. डोंगरावर नवा टॉवर झाल्यापासून धरणाकाठच्या आमच्या अंगणातही व्हिडिओ कॉल लागतो. पडद्यावर अर्धा यांचा चेहरा, अर्धा अंगठा. मी बाळीला नुसतं पुढे धरलं.

"ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय. बघू दे जरा," एवढंच म्हणाले. बाळी त्या अंगठ्यालाच चाचपत होती. मला हसू येत होतं की रडू, कुणास ठाऊक.

शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ह्यो जन्मला तवा ह्याच्या बापाला घरी आल्यावरच कळलं." त्यांना हेवा वाटला असेल का?

मग त्यांनीच फोन घेतला. "समुद्र कुटं हाय? दाव की."

यांनी फोन वळवला. सोनेरी पाणी, आणि काठानं सावकाश चाललेली आमची मेंढरं. सासूबाई कोकणात कधीच गेल्या नाहीत. सासरे मात्र वारेपर्यंत दरवर्षी अर्धं वर्ष तिकडेच असायचे.

"हितं असायचे व्हय ते," त्या हळूच म्हणाल्या.

कॉल तुटला. त्यांनी फोन परत दिला नाही, मीही मागितला नाही.