आजीचा उफदा

नॉरदाल कॉलेज, मिनेसोटा
१९ ऑक्टोबर १९८६

ती. आजीस,
हाल्वरचा शि. सा. न. वि. वि.

कालचा फुटबॉलचा सामना तू पाहिलास, तेव्हा हरलो हे सांगायला नको. कारण मात्र ठाऊक असू दे. ओळीच्या मधोमध ओणवं राहून चेंडू धरायचा आणि माझ्या पाठीशी उभ्या व्हर्नने ठरलेला शब्द उच्चारला की दोन पायांमधून मागे त्याच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. यंदा कोच पर्सेल यांनी तो शब्द ठेवला 'उफदा'. ते पडले टेक्ससचे. दूध उतू गेलं, गुडघा आखडला, बर्फ पडला की आपल्याकडचा प्रत्येक नॉर्वेजियन हेच म्हणतो, याची त्यांना काय कल्पना! परगावचे तीन सामने बिनबोभाट पार पडले. काल घरच्या मैदानावर प्रेक्षकांतून कुणीतरी 'उफदा' म्हणालं आणि मी चेंडू दिला सोडून. व्हर्न तेव्हा आकाशातले ढग बघत होता. चेंडू समोरच्या संघाने पळवला आणि सामनाही.

कोच म्हणतात, आठ नोव्हेंबरच्या शेवटच्या सामन्यात मी बाकावर बसायचं. चार वर्षं खेळलो, आजी. यापुढे आयुष्यात हा खेळ नाही. मे महिन्यात घरी येऊन गाईंच्या धाराच काढायच्या आहेत. तो एक सामना मला हवा आहे आणि मी तो मिळवणारच.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया या हरण्याने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
हाल्वर


एल्क व्हॅली
२३ ऑक्टोबर

चि. हाल्वर यास,
अनेक उ. आशीर्वाद.

ते 'कुणीतरी' म्हणजे मी. शेजारी बसलेल्या इंग्रिडबाईंनी कढत कॉफी माझ्या मांडीवर ओतली आणि तोंडातून निघून गेलं. फार वाईट वाटलं, पण रडत बसणारी मी नव्हे. तुझ्या कोचना वेगळं पत्र टाकलं आहे. चूक माझी, शिक्षा पोराला कशाला, बाकावर बसवायचं तर मला बसवा, मी तशीही सामनाभर बाकावरच असते, असं लिहिलं.

आणखी एक. माझ्या पुढच्या रांगेत पिवळ्या जाकिटातले एक गृहस्थ वही घेऊन बसले होते. चेंडू निसटला तसे ते वळून माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. जाकिटावर सेंट बर्टिल कॉलेजचं नाव होतं. शेवटचा सामना त्यांच्याशीच ना? मग तुम्ही शब्द बदला आणि कुणाला कळू देऊ नका. उफदाचं मी बघते.

लोकरीचे पायमोजे पाठवले आहेत, ते पायांत घालायचे असतात. आजीवर राग धरला असशील तर तो सोड आणि लोभ धर.

तुझी आजी
गुड्रून


नॉरदाल कॉलेज
२ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

कोचनी तुझं पत्र सगळ्या संघापुढे वाचलं. तुझ्या बाकापाशी आले आणि त्यांना हसू आवरेना. मग अट घातली: सरावात सगळे चहूबाजूंनी 'उफदा' ओरडतील, मी एकदाही हललो नाही तर खेळेन. आठवडाभर ओरडून चाळीस जणांचे घसे बसले, मी ढिम्म. तेव्हा मी खेळतो आहे! नवा शब्द इथे लिहीत नाही, कारण तुझी पत्रं इंग्रिडबाईही वाचतात.

ते 'कुणीतरी' कोण, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तुझा आवाज मी ओळखणार नाही? कोचना मात्र सांगितलं नव्हतं. आता एकच धास्ती वाटते. चाळीस जणांपुढे टिकलो खरा, पण त्यांत तू नव्हतीस. तरी शनिवारी त्याच जागी बस.

मोजे पायांतच आहेत. आशीर्वादही तसाच ऊबदार धाड.

तुझा
हाल्वर


नॉरदाल कॉलेज
९ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

काल तू तिथेच होतीस, पण खाली ओळीत काय झालं ते वरून दिसलं नसणार. आम्ही चार गुणांनी मागे, शेवटची खेप, चेंडू आमच्याकडे राहायला हवे होते तीन यार्ड. समोर सेंट बर्टिलचा तो अगडबंब गडी, त्याचा श्वास माझ्या तोंडावर. व्हर्नचा शब्द अजून यायचा होता. तेवढ्यात तुझा 'उफदा' आला. अख्ख्या जिल्ह्याने ऐकला असेल. वहीत टिपलेला तो शब्द ऐकून गडी थेट माझ्या अंगावर येऊन पडला. चेंडू हलण्याआधीच रेषा ओलांडली म्हणून त्यांना पाच यार्डांचा दंड झाला. आम्हाला तर तीनच हवे होते. पुढच्याच खेळीत व्हर्न चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार झाला आणि सामना आपला.

सामन्यानंतर त्या गड्याने विचारलं, वर ओरडली ती बाई कोण. मी म्हणालो, "माझी आजी." तो म्हणाला, "उफदा."

आजी, एक सांगायचं राहिलं. लहानपणापासून तुझा 'उफदा' कानावर आला की हातातलं टाकून मी तुझ्याकडे धावत आलो आहे. काल आयुष्यात पहिल्यांदा जागचा हललो नाही.

मे महिन्यापासून पुन्हा धावत येईन. तोवर लोभ ठेव आणि इंग्रिडबाईंपासून चार हात लांब बस.

तुझा
हाल्वर