मोलातो माझाच

३ ऑक्टोबर

आले एकदाची! नवी नोकरी, नवं गाव आणि घर चक्क माझ्या एकटीचं. हायकोर्टाची दुभाषी म्हणून क्वार्टर मिळालंय: दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, अंगणात मोरुलाचं झाड, पुढे लोखंडी फाटक. ऊन असं की शेळ्यांनीसुद्धा ओरडणं सोडलंय.

न्हाणीत होते तेवढ्यात फाटकाशी हाक आली, को को! आतून त्सेना, म्हणजे ये आत, ऐकू येईपर्यंत फाटकाला हात लावायचा नाही, हे आईने थोबाडीत देऊन शिकवलेलं. बाहेरचीलाही तसंच शिकवलेलं दिसत होतं. मी ओल्या केसांनी धावले. त्सेना, त्सेना, मोलातो माझाच, ताटकळत ठेवलं! शेजारच्या मा सेरुमोला होत्या, हातात कुटलेल्या मांसाच्या सेस्वाचं आणि ज्वारीच्या लापशीचं, बोगोबेचं, भांडं. मोलातो नाही गं पोरी, म्हणाल्या आणि माझा अवतार बघून पोट धरून हसल्या. म्हातारीच्या हाताला काय चव आहे!

दुपारी झोप लागते न लागते तोच पुन्हा को को. बघते तर कुणी नाही. पोरांचा चावटपणा, दुसरं काय.

७ ऑक्टोबर

पहिलं काम मिळालं आणि डोकंच फिरलं. लेत्शोलो नावाचा गुराखी फाशीच्या कोठडीत आहे. एकवीस तारखेला त्याचं अपील. जुन्या सुनावणीची टेप ऐकून तपासायची होती. त्याच्या अंगणात बिअर पिताना भांडण झालं, काठ्या चालल्या, पाहुणा मेला. काठी कुणाची लागली हे कुणालाच धड सांगता आलं नाही. मग लेत्शोलोचा आवाज येतो, रडवेला: माझ्या दारात माणूस गेला, मोलातो माझाच. आणि दुभाष्याने इंग्रजीत काय सांगावं? गुन्हा मी केला!

अरे देवा! पाहुण्याच्या घशात हाड अडकलं असतं तरी यजमान हेच म्हणाला असता. बसमध्ये पायावर पाय पडला तरी आपण मोलातो माझा म्हणून माफी मागतो. त्यासाठी कुणाला लटकवतात होय?

तिन्हीसांजेपर्यंत मी तीच टेप ऐकत बसले होते.

८ ऑक्टोबर

रजिस्ट्रार रा दितिरोंशी आज कडाक्याचं वाजलं. भाषांतर चुकलंय म्हटलं, तर म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, कायदा असेल सारखा, कान कुठे सारखे आहेत? बाकांग नावाच्या एका पोराची जुनी केस काढून दाखवली. बापाच्या गुरांनी अर्धं माळरान भरलेलं. तसंच भांडण, तशाच काठ्या, तोच न्यायाधीश. पण पोरगा इंग्रजी शाळेतला. स्वतःच इंग्रजीत म्हणाला, वाईट झालं, पण मी मारलं नाही. त्याला कैद, गुराख्याला दोर! रा दितिरो म्हणाले, एक चूक मान्य केली तर फाशी गेलेल्यांचीही प्रकरणं उघडावी लागतील. मग उघडा की, मी म्हटलं. कैद्याला परत घरी पाठवता येतं, फाशी गेलेल्याला कसं पाठवणार? ते म्हणाले, तू दुभाषी आहेस, न्यायाधीश नाहीस, तोंड आवर.

तोंड आवरायला मला पगार मिळत नाही. सरळ लेत्शोलोच्या वकीलबाईंना फोन लावला. म्हणाल्या, शब्दाचा अर्थ शपथेवर सांगणारं माणूस उभं राहिलं तर गळ्यातला दोर निघेल. मी उभी राहणार.

११ ऑक्टोबर

भर दुपारी हाक आलीच. पोराचा आवाज नाही तो. कोंडलेला, घोगरा, घशातून कसाबसा पिळून काढल्यासारखा. सकाळी अंगण झाडून वाळूवर खराट्याच्या रेघा ओढल्या होत्या. फाटकाबाहेर पायांचे ठसे दिसले, पण नुसत्या बोटांचे. टाचा टेकलेल्याच नाहीत.

मा सेरुमोलांना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, तो मोगापी. ह्याच कोर्टातून फाशी गेला, त्याच एका शब्दावर. तुरुंगाच्या आतच पुरला. कुठे, ते आईलाही सांगितलं नाही. त्याचाही दुभाषी रा सेबिनाच होता, लेत्शोलोचा होता तोच. आणि सेबिना राहायचा ह्याच घरात. भर दुपारी फाटकाशी पडलेला सापडला, मान एका बाजूला वळलेली. डॉक्टर म्हणाले हृदय. त्या आधी मा सेरुमोलांनी त्याचा आवाज ऐकला होता. ताटकळत ठेवलं म्हणून कुणाची तरी माफी मागत होता बिचारा.

मला त्यांनी बजावलं, ओ देऊ नकोस, माझ्याकडे राहायला ये.

नाही जाणार. मी का घाबरू? मी तर त्याच्याच बाजूची आहे!

१५ ऑक्टोबर

रा दितिरोंनी बदलीची धमकी दिली. म्हटलं, करा. एकवीसनंतर.

घरी आले तर तो आधीच हाका मारत होता. कानात बोळे घातले. तरी येतं ऐकू. ओ दिली नाही. कुणी हाक मारावी आणि आपण गप्प बसावं— जीभ आतल्या आत वळवळते नुसती.

१८ ऑक्टोबर

जेवण जात नाही.

खिडकीतून ओरडले, तुझ्यासाठी आता काही करता येत नाही रे, पण लेत्शोलोला वाचवते, थांब जरा— पुन्हा नुसतं को को.

ठसे फाटकाला चिकटून. आत नाहीत. आत ये म्हटल्याशिवाय येणार नाही तो. रीत पाळतोय.

२० ऑक्टोबर

उद्या सुनावणी. साक्ष पाठ आहे. जेवून जरा पडले, डोळा लागला— हाक आली— आणि मी झोपेतच, मेली जिभेची सवय— त्सेना, आले, मोलातो माझाच, ताटकळत—

बोलून गेले.

सेबिना हेच बोलला होता. माफी! नुसती माफी होती ती!

फाटक करकरलं. आज त्याने हात लावला.

दाराआडून ओरडले. अरे बाबा, ज्या शब्दाने तुला मारलं तोच शब्द मी उद्या— ऐकत नाही. कोर्टाने शिकवलेला अर्थ तेवढाच त्याला कळतो. मी म्हटलं, मोलातो माझा. म्हणजे गुन्हा माझा. सेबिना असो की मी, सगळ्यांना एकच माप! शाबास रे न्याय!

पायरीवर— नुसती बोटं—

पळणार नाही. ऐक मोगापी, ऐका रा दितिरो, सगळेच ऐका. तुमचा अर्थ मला मान्य नाही. मा सेरुमोला, मी उद्या उभी राहिले नाही तर हे पान वकीलबाईंना द्या. लेत्शोलोला लटकवू नका.

मान आवळतेय— लिहिणारच—

शपथेवर सांगते, मोलातो म्हणजे गुन्हा नव्हे. दारी आलेल्या माणसाचं वाईट झालं की घरचा माणूस कळवळून जे म्हणतो ना, ते. मोलातो म्हणजे—