वाळलेल्या रोपांच्या पाट्या

ता. ९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. दाजींना नमस्कार सांग. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून पत्र लांबतं. आमच्या कारखान्याचे साहेब दरवर्षी 'हिरवा कारखाना' असा फलक लावून झाडं लावतात. खड्डे मात्र तेच, गेल्या वर्षीचे. फोटो झाला की नळ बंद. रोपं वाळली की उपटायला मीच. मी माळी कसला गं, पुरायचंच काम माझ्याकडे.

हे मी चहाच्या गाडीवर कॉलेजच्या पोरांना सांगितलं. त्यांनी पाट्या रंगवून आणल्या. 'इथे एक रोप विसावले आहे. जन्म फोटोच्या वेळी, मृत्यू फोटो झाल्यावर.' समारंभाच्या सकाळी मी प्रत्येक खड्ड्याशी काठी रोवून तिला एकेक बांधली. पाहुण्या बाई वाचून इतक्या हसल्या की साहेबांची झारी त्यांच्याच बुटात रिकामी झाली. तो फोटो शहरभर फिरला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. इथे आल्यापासून मला कोणी आपलं म्हणून हात लावला तो हाच.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भिंगऱ्या


ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे दाजी हसता हसता खाटेवरून पडायचे राहिले. माझं हसू मात्र अर्ध्यातच थांबलं. पोरं कॉलेजात जातील, तू कुठे जाशील? तू टिकलास अशी ही पहिलीच नोकरी. कोणाला कळलं तर नाही ना? आणि नळ सोडला का, ते लिहायचं राहिलंच की. जेवतोस ना वेळेवर?

उत्तराला उशीर केलास तर कान धरायला येईन.

तुझी ताई


ता. २ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळलं. खोड वाढलं तरी काचू नये म्हणून रोपांना मी सैल फास देतो. पाट्याही तशाच बांधल्या गेल्या. हाताची सवय, दुसरं काय. मुकादमाने गाठ बघितली आणि विचारलं, पाटीला वाढायला जागा कशाला ठेवलीस. त्याच दिवशी मला काढलं.

पोरांच्या खोलीवर गेलो, तर आता कोणाची फजिती करायची ते ठरत होतं. माझं ऐकून त्यांनी चहा दिला. मग मीच निघालो.

कारखान्याचं धुराडं होतं तसंच धूर ओकतंय. पण नळ सोडलाय, ताई. रोपं मेली की नाही ते बघायला लोक कुंपणाशी येतात ना, म्हणून नवा माळी रोज पाणी घालतो. मीही जातो. काल पालवी दिसली. ओळखीचं कोणी नव्हतं, मग शेजारी उभ्या माणसालाच दाखवली. त्याने विचारलं, रोपं तुझी आहेत का. मी नाही म्हणालो.

इतक्यात घरी बोलावू नकोस. माया मात्र ठेव.

तुझा भिंगऱ्या